पान दोनशे बारावरचा चहा

दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ‘दप्तरी’ नावाची संगणकप्रणाली विमा कंपनीतले मेलेले दस्तऐवज पुसून टाकायची. पाच वर्षांत एकाही वाचकानं जो शेवटपर्यंत वाचला नाही तो मेलेला, एवढा साधा तिचा नियम होता.

या शुक्रवारी यादीत पहिलं नाव होतं कंपनीच्या सगळ्या यंत्रणांच्या आराखड्याचं. तीनशे चाळीस पानं. तो लिहिणाऱ्या सुलभा बारटक्के सकाळपासून मजलाभर वाचक शोधत हिंडत होत्या.

“मी सही केलीय की त्यावर!” साहेब म्हणाले.

“सही केलीत हो, पण वाचलात का?”

साहेबांना एकदम मीटिंग आठवली.

पाचाला पाच मिनिटं कमी असताना बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला.

“दप्तरी बोलतेय. पुसण्याआधी मी सगळं नुसतं चाळते. पण पान दोनशे बारावर तुम्ही लिहिलंय, ‘इथवर पोचलात तर फोन करा, चहा पाजते.’ म्हणून मग पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचलं. वाचक माणूसच हवा असं नियमात कुठे नाही. आराखडा जिवंत.”

बाईंचे डोळे भरून आले. त्या ओळीसाठी आलेला हा पहिलाच फोन होता. त्यांनी कँटीनमधून दोन चहा मागवले आणि एक कप कौतुकानं संगणकासमोर ठेवला.

“आता चुका सांगते,” दप्तरी म्हणाली. “एकूण एकसष्ट आहेत.”

बाईंनी तो कप उचलून परत आपल्याकडे घेतला.