मूठभर पॉपकॉर्न

“काय रे कैद्या, गुन्हा काय केलास?” शाळेच्या सहलीत समुद्रकिल्ल्यातल्या कैद्याला असं खडसावून विचारायची मैत्रिणींनी माझ्याशी पैज लावली. मी कसली घाबरतेय! नव्या शाळेत सगळ्यांत बिनधास्त मीच. पर्यटकांसाठी साखळदंड घालून बसणारा तो कैदी म्हणजे माझे बाबा, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? मी तसं विचारलंच. मला पाहून बाबा क्षणभर थबकले आणि गुडघे टेकून म्हणाले, “राणीसाहेब, माफी असावी!” सगळ्या खिदळल्या. एकीने पॉपकॉर्न फेकलं, मग मीही मूठभर फेकलं. संध्याकाळी बाबांच्या केसांतलं पॉपकॉर्न काढताना आई करवादली, “कुणाची ही कार्टी?” बाबा हसले. “जाऊ दे गं. आपल्या पोरीचा आवाज बघ, किती खणखणीत झालाय!” तेवढ्यात मी सांगून टाकलं, “माझ्या वाढदिवसाला मैत्रिणी घरी येणार आहेत. बाबा, त्या दिवशी तुम्ही किल्ल्यावरच थांबा. मी ठरवलंय.”