मंगळवार, सकाळी सहा

माझा मुलगा उन्मेष गेल्याच्या चौथ्या दिवशी त्याच्या ऑफिसातल्या रुचिताचा फोन आला. “सॉरी काकू, मेनफ्रेम कॉम्प्युटर बंद पडलाय. डेटाची कॉपी कधीची, ही नोंदच पुसली गेलीय. उन्मेषची वही आहे का?” वही माझ्या उशाशीच होती. साठीनंतर मला अक्षरं त्यानेच शिकवली. सराव व्हावा म्हणून कामाच्या नोंदीही तो मराठीत लिहायचा. “अडखळते हं मी,” म्हणत मी वाचू लागले, “मशीनला कामासाठी मोकळी जागा अपुरी, दुप्पट ठेवणे. शेवटची कॉपी, मंगळवार, सकाळी सहा.” “अच्छा! मग वाचलो, काकू! मंगळवारी सहाला जसं होतं तसं सगळं परत येईल.” त्याच मंगळवारी सातला तो मोटारसायकलवरून गुरगावच्या ऑफिसला निघाला, पोहोचलाच नाही. सहाला मात्र इथेच, माझ्यासमोर बसून, नोंद लिहिता लिहिता चहात खारी बुडवत होता.