पलीकडचा आवाज

सामुद्रधुनीच्या दोन किनाऱ्यांवर दोन देश. ही वाट आमचीच म्हणून दोघेही अडून राहिले, तोफा समोरासमोर आल्या आणि तेलाची जहाजं बाहेरच ताटकळली. अलीकडच्या नियंत्रण मनोऱ्यात ती काम करायची; तिला पलीकडच्या मनोऱ्याशी बोलायची बंदी झाली. तिथल्या माणसाला तिनं पाहिलंही नव्हतं. रेडिओवर जहाजं सोडताना तो तिला ताई म्हणायचा, एवढंच नातं. आज करार झाला. तिनं माइक उचलला आणि घोगऱ्या आवाजात पलीकडच्या मनोऱ्याला हाक दिली. “ताई, आवाज बसलाय का?” “बसला नाही रे भाऊ, भरून आलाय.” “अगं, मी आजोबा झालो! तुला कधी सांगतो असं झालेलं.” रेडिओ सगळ्यांचा एकच, बातमी प्रत्येक जहाजानं ऐकली. एकानं भोंगा वाजवला, मग सगळ्यांनी, काचा हादरल्या. मागून साहेब कडाडले, “रेडिओवर खासगी गप्पांना मनाई आहे!” ती चपापली. ते हसले. “नियम मोडलाच आहे, तर विचारा, नात की नातू?”