उठायची मनाई

डॉक्टरनं बजावलं होतं, झटकन उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, डोक्याला पुरत नाही, माणूस कोसळतो. आधी बाजेवरून पाय सोडून बसायचं, बोटं हलवायची, मग सावकाश उठायचं. पण वांकिडी गावात मालकाच्या शेतावर जन्मभर सालगडी राहिलेला माझा बा, मालक दिसताच ताडकन उठायचा. तसाच गेल्या आठवड्यात पडला होता. आज मालक घरीच आले. मी धास्तावलो. बा बाजेवर पडल्यापडल्याच म्हणाला, "बसा मालक. डॉक्टरनं मले उठाची मनाई केली." मालक स्टूल ओढून बसले. इतक्यात फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. बानं पाय खाली सोडले, बोटं हलवली, काठी धरली. "आता काऊन उठून राह्यला बा?" मी विचारलं. तो सावकाश उठून ताठ उभा राहिला. नोकरीचा पहिला दिवस संपवून माझी लेक दारात आली. बा मला म्हणाला, "मास्तरीनबाई आल्या ना."