ठमीची शेपटी

"काकू, ही मांजर द्या. हिच्या यकृताच्या पेशी तपासायच्यात," पुण्याहून आलेले एक संशोधक म्हणाले.

काकूंनी ठमीला छातीशी धरलं. "म्हणजे कापणार?"

काकू सोनारांकडची धूळ आणून त्यातलं सोनं पाऱ्याने वेचायच्या. ठमी सात वर्षं तो पारा चाटूनही ठणठणीत होती. "पेशी विषाला प्रथिनात बांधून ठेवतात," संशोधकांनी समजावलं. ठमीने तो पारा शेपटीत बांधला असावा, कारण ती तापकऱ्याच्या मांडीवर बसली की जेवढा ताप तेवढी शेपटी वर चढायची. खोटं वाटलं तर आमच्या गल्लीत विचारा.

तेवढ्यात ठमीने संशोधकांच्या मांडीवर उडी मारली आणि शेपटी सरळ उभी! "एकशे तीन," काकू म्हणाल्या. "आधी आडवे व्हा. कापाकापी नंतर."

आठ दिवस काकूंची पेज आणि मांडीवर ठमी. शेपटी रोज थोडी उतरली. नवव्या दिवशी बॅग भरून ते निघाले, तर ठमी पायाशी आली, शेपटी ताठ! त्यांनी घाबरून कपाळाला हात लावला. गार होतं.

"ताप नाही हो, लाडात आलीय," काकू हसल्या.

संशोधकांनी अहवालात लिहिलं: मांजर सापडली नाही.