मरळीची पिलं

बायको गेल्यानंतर हेमंत पहिल्यांदाच मुलीला शेजारी सोडून घोटीजवळच्या धरणावर मासेमारीला आला. सोबत मासेमारीतला नेहमीचा जोडीदार मंगळू होता.

"भाऊ, तुमचा रबरी बेडूक घरी बसून पोहायचा विसरला असंल," मंगळू हसला.

काठच्या गवतात मरळीच्या लाल पिलांचा पुंजका तरंगत होता. हेमंतने जुन्या सवयीने गळाला लावलेला बेडूक त्यांच्यावरूनच नाचवत आणला. पाणी उसळलं. राखणीला बसलेल्या मरळीने त्यावर झडप घातली होती. गळ तिच्या कल्ल्यात खोल रुतला. तो सोडवेपर्यंत ती मेली. पिलं मात्र तिथेच घोटाळत राहिली.

"चुकलंच माझं. आता यांना कोण बघणार?"

"लय मनाला लावून घेऊ नका, भाऊ. मरळीची जोडी राखण करती. आई गेली तरी बाप हाय ना! तो करतो समदं बराबर."



 

वेणी घालायला जमेना, म्हणून आज सकाळीच हेमंतने मुलीचे कमरेपर्यंतचे केस कापून आणले होते.