आवाजात बदल

"आ करा, काकू. अजून मोठा. हं, जीभ सैल सोडा."

डॉक्टर रेवतीने टॉर्च आधी उजवीकडे धरला, मग डावीकडे. डावीकडे जरा जास्त वेळ. मग जयंतीबाईंच्या जबड्याखाली, मानेवर दोन बोटं दाबत नेली.

"डावा टॉन्सिल उजव्याच्या दुप्पट झालाय. वरून खडबडीतही दिसतोय. किती दिवस आहे?"

"काय माहीत. परवा दात घासताना आरशात दिसला. पण दुखत नाही हं अजिबात."

"दुखत असता तर मला बरं वाटलं असतं."

जयंतीबाई हसल्या. डॉक्टर हसली नाही.

केसपेपरवर प्रश्न छापलेले होते. ताप, नाही. वजन, तेवढंच. गिळायला त्रास, नाही. शेवटच्या ओळीवर रेवतीचं पेन थांबलं.

"आवाज असाच आहे तुमचा? आधीपासून?"

"असा म्हणजे?"

"गरम वडा तोंडात धरून बोलावं, तसा."

"मला तर माझाच वाटतो."

"स्वतःला नाही कळत ते. घरच्यांना विचारा ना. बाहेर बसा, फोन लावा. नुसती सूज असेल तर दोन आठवडे औषध देऊन बघू. पण आवाजही बदलला असेल तर थांबायचं नाही. उद्याच मोठ्या हॉस्पिटलात, तुकडा काढून तपासायला."

"बरं," जयंतीबाई म्हणाल्या. घरी कोणी नसतं, हे सांगायचं राहून गेलं.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मोबाइलमधली नावं वर सरकवली. गॅस. बँक. सोसायटी ऑफिस. प्लंबर मुलुंड. प्लंबर नवीन. सगळी खालपर्यंत पाहून झाल्यावर त्यांनी एक नंबर आठवून दाबला.

रुळांपलीकडच्या धवलभाईच्या किराणा दुकानात अजून तारेचा फोन होता. त्यावर कोणाचा नंबर दिसत नसे. नऊ वर्षं जयंतीबाई नुसतं "हं, धवलभाई" म्हणत आल्या होत्या आणि पलीकडून लगेच यायचं, "बोला, जयंतीबेन." बेन नाही, ताई म्हणा, असं त्यांनी शंभरदा बजावलं होतं. दिवाळीपासून त्या सामान मोबाइलवर मागवू लागल्या. त्यात बोलावं लागत नाही.

"हं, धवलभाई."

"हां, कोण?"

"मी. ओळखलं नाहीत?"

"नाही हो, मॅडम. नाव सांगा, बिल्डिंग सांगा, माल पाठवतो."

"जयंती."

"जयंतीबेन?" धवलभाई मोठ्याने हसला. "मस्करी नको हां, मॅडम. जयंतीबेनचा आवाज मी झोपेत पण ओळखेन."

जयंतीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही शेजारच्या का त्यांच्या? दिवाळीपासून फोन नाही त्यांचा. काळा गूळ बाजूला काढून ठेवलाय, त्यांना पिवळा चालत नाही."

तराजूच्या पारड्यात काहीतरी ओतल्याचा आवाज आला.

"हॅलो? बऱ्या आहेत ना त्या?"

"ठेवा गूळ," जयंतीबाई म्हणाल्या. "सांगते त्यांना."

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि दार ढकलून आत गेल्या. रेवतीने केसपेपर पुढे ओढला.

"काय म्हणाले घरचे?"

"उद्या किती वाजता जायचं?"